अकरावं भोक

भिंतीतलं भोक बुजवायचं असेल तर ते आधी मोठं करावं लागतं. हे आताच्या रंगाऱ्यांना कोणी शिकवत नाही. परवा आमच्याकडे दोघं आले, पत्र्याच्या पट्टीवर लांबी घेतली, भोकांवर फासली आणि ती वाळायच्या आत रंगाला लागले. मी म्हटलं, अरे, आतली सुटी माती काढलीत का, पाणी मारलंत का? तर एक जण म्हणाला, आजी, तुम्ही आत बसा. मी आत बसले. एक पावसाळा गेला की ती लांबी खपलीसारखी गळून पडेल, तेव्हा बाहेर येईन.

हे काम मी लग्नानंतर शिरूरला शिकले. ज्या भिंतीवर शिकले तिच्यात अकरा भोकं होती. त्यातल्या दहांबद्दल मी बोलायला तयार असते. अकराव्याबद्दल घरात कुणाशी बोललेले नाही.

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या दोन वर्षं आधी माझं लग्न झालं. माझे वडील दौंडला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये होते, त्यामुळे मी वाढले ती क्वार्टरमध्ये. दगड-चुन्याच्या भिंती, खिळा मारायला गेलं तर खिळाच वाकायचा. नवरा बिजवर होता. त्यांची पहिली बायको पहिल्या बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नव्हतं. ते दौंडलाच मालधक्क्यावर कारकून होते, पण क्वार्टर मिळालं नव्हतं म्हणून आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहायचे आणि रविवारी एसटीनं शिरूरला यायचे. मी शिरूरला सासूबाईंपाशी. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. घरात आम्ही दोघीच. म्हणजे मी दोघी समजत होते.

लग्नात मंगळसूत्राच्या बरोबरीनं माझ्या गळ्यात चांदीचा एक टाक बांधला. करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा, त्यावर उभी बाई ठोकलेली. ती माझी सवत, गेलेली. दुसरेपणावर दिलेल्या मुलीला आमच्याकडे असा टाक घालावा लागतो, म्हणजे पहिलीचा मान राहतो आणि ती दुसरीच्या वाटेत येत नाही. घरात तिला मोठी म्हणायचं आणि मला धाकटी. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग मी नेसायचं. हळदीकुंकू आधी तिला. सणाच्या दिवशी ताट वाढलं की पहिला घास मोठीचा म्हणून पानाच्या कडेला काढायचा. आत्याबाई तिच्याबद्दल अशा बोलायच्या, जशी ती शेजारी भाजी आणायला गेली आहे. "मोठीला दाखवलंस का," म्हणायच्या. "मोठीला इचार."

पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा हे सगळं मी बहिणींना नकला करून दाखवलं आणि आम्ही पोट धरून हसलो. परत शिरूरला आले आणि माजघरात पाऊल टाकलं तेव्हा टाक गळ्याला गार लागला. मला त्या नकलांची लाज वाटली.

घर एकामागोमाग एक तीन खोल्यांचं. पुढं सोपा, मधे माजघर, मागं स्वयंपाकघर. भिंती पांढऱ्या मातीच्या, हातभर जाड. माजघराला खिडकी नव्हती. छतात वीतभर झरोका होता, त्यातून दुपारी उन्हाचा एक तुकडा यायचा, जमिनीवरून सरकत सरकत जोंधळ्याच्या कणगीपर्यंत जायचा आणि तिथं विझायचा. दुपारी आत्याबाई शेजारी गेल्या की त्या खोलीत इतकं शांत व्हायचं की स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू यायचं.

मला पाचवा महिना लागला तेव्हा थंडी होती. सातव्यात ओटीभरण करायचं ठरलं आणि त्यासाठी घराला रंग द्यायचा, असं यांच्या मनात आलं. नुसता चुना नाही, रंग. त्यांनी पुण्याहून चुन्यात कालवायची निळी पूड आणली. आमच्या आळीत तोवर कुणाच्या घरात निळी भिंत नव्हती. आत्याबाई हो म्हणाल्या, पण एक अट घातली. सोपा आणि स्वयंपाकघर मिस्त्री करतील. माजघराला आपण दोघींनी हात लावायचा, बाहेरचं माणूस आत आणायचं नाही.

मिस्त्रीमामा मशिदीच्या आळीत राहायचे. आमच्या आळीतल्या निम्म्या भिंती त्यांनी बांधलेल्या, उरलेल्या त्यांच्या वडिलांनी. शुक्रवारी दुपारी काम ठेवून नमाजाला जायचे आणि परत येऊन पुन्हा तीच थापी उचलायचे. बोलणं कमी. पण मी दारात उभी राहून बघते आहे हे पाहिल्यावर त्यांनी मला हे काम शिकवलं, आणि एक शब्द जास्त न वापरता शिकवलं.

"आधी भोक मोठं करायचं," ते म्हणाले. "कडंची मेलेली माती काढायची. जिती लागंस्तवर."

जिती माती म्हणजे भिंतीला धरून असलेली. बोट लावलं की भुकटी होत नाही ती. तिथवर खरवडायचं. तोंडापेक्षा आत जरा रुंद करायचं म्हणजे भराव निसटत नाही. मग फुंकून धूळ काढायची, पाणी मारायचं, भिंत पाणी प्याली की पुन्हा मारायचं. मग भिजवून मळलेली माती अंगठ्यानं दाबत भरायची, काठोकाठ नाही, थोडी खोल. ती वाळते, आकसते, कडेनं केसाएवढी भेग पडते. मग दुसरा पातळ हात, आणि घोडनदीच्या गुळगुळीत गोट्यानं घासायचं. एवढं केलं नाही तर निळ्या रंगातून ती जागा डाग होऊन वर येते. पांढऱ्या चुन्यात लपतं, रंगात लपत नाही.

मी माजघरातल्या खुंट्यांची आणि खिळ्यांची भोकं अशी भरली. मला आवडलं. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मला एखादी गोष्ट चांगली जमत होती. आत्याबाई बघून गेल्या आणि म्हणाल्या, "मातीत शेण घाल. आन् लिंबाचा पाला वाटून घाल. मूठभर तरी."

"कशाला?"

"वाळवी लागती," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

माझी त्या दिवसांत वासाची तऱ्हा होती. शेणाच्या वासानं पोट ढवळायचं. कडुलिंबाचं तर मला वाटलं, हे नक्की मोठीला लांब ठेवण्यासाठी. दाराला लिंबाचे डहाळे बांधतात तसलं काहीतरी. मी क्वार्टरमधली मुलगी, चुन्याच्या भिंतीत वाढलेली, हे असलं मी मनावर घेणार नव्हते. मी नुसती पांढरी माती घेतली, गढीच्या टेकाडावरून गाढवावर विकायला येते ती, लोण्यासारखी मऊ. फडक्यातून चाळली आणि रात्रभर भिजत ठेवली. शेण नाही आणि लिंबही नाही. आत्याबाईंना सांगितलं, घातलं. त्या काळात मी केलेली मोठी चूक हीच, आणि मी ती शहाणपणा समजून केली.

राहिली होती कणगीमागची भिंत. कणगीत धान्य कमी झालं होतं, म्हणून आम्ही दोघींनी ती रेटली. आत्याबाईंनी एकदा भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, चुलीवर दूध हाय, बघून येते. चुलीवर दूध नव्हतं.

भिंतीत भोकं होती. मी मोजली, अकरा. जमिनीपासून साधारण दोन हातांवर, कमानीसारखी मांडलेली. खिळा किंवा खुंटी अशी लावत नाहीत. तोंड एका बोटाएवढं, आतून गुळगुळीत. मी वाकून पाहिलं तेव्हा चार-पाच भोकांत वेगळ्या रंगाची माती दिसली. ती कुणीतरी आधी कधीतरी नीट भरलेली होती आणि त्या भरावाच्या बरोबर मधून पुन्हा उकरली होती. एका भोकाच्या ओठावर नखाची चंद्रकोर होती.

मी खाली बसले. भिंतीला डावा खांदा टेकून, पाय पसरून, बाई धान्य निवडायला बसते तशी. उजवा हात सहज उचलला आणि तो पहिल्या भोकापाशी गेला. हात वळवला तर दुसऱ्यापाशी, तिसऱ्यापाशी. ती कमान म्हणजे बसल्या जागी हाताला जेवढं पुरतं तेवढी होती. मी पहिल्या भोकात बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं आणि नेमकं बसलं.

"उंदीर," आत्याबाई दारातून म्हणाल्या. "लई उंदीर झाले व्हते. भरून टाक."

मी भरून टाकली. खरवडली, फुंकली, पाणी मारलं. पाणी मारलं की त्या भिंतीचा जो वास यायचा तो मी आजही सांगू शकत नाही. उन्हाळ्यात नव्या माठातलं पहिलं पाणी पितानाचा वास त्याच्या जवळ जातो. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खरं सांगायचं तर त्या वासासाठी मी गरजेपेक्षा जास्त पाणी मारलं. मग माती भरली, अंगठ्यानं दाबली, हात धुतले.

तिसऱ्या दिवशी तीन भोकं उघडी होती.

उंदीर म्हणून मी जमिनीकडे पाहिलं. उंदरानं उकरलं तर खाली मातीचा ढीग पडतो, हे दौंडच्या मुलीलाही कळतं. खाली काही नव्हतं. सकाळी मी सारवलेली जमीन तशीच होती, बोटांच्या रेघांसकट. तीन भोकांतली माती गेली होती आणि ती कुठं पडली नव्हती.

मी पुन्हा भरली. आत्याबाईंना सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं असतं, लिंब घातला होतास का. दोन दिवसांनी पाच भोकं उघडी. पुन्हा भरली. मग मी दुपारी त्या खोलीत पाठ करून बसायला घाबरू लागले, आणि तरी तिथंच बसायची. धान्य निवडायला सोप्यात उजेड जास्त होता. पण मी सूप घेऊन माजघरात, त्या भिंतीशी. का, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पहारा करते. उन्हाचा तुकडा सरकत यायचा. टाक गळ्याशी हलायचा आणि मी हात लावून बघायची. कधी कधी तो ओला लागायचा. मी मनातल्या मनात मोठीला म्हणायची, तुझा पहिला मान मी कधी चुकवला नाही, मग ही माती कशाला नेतेस? मला वाटायचं, ती ऐकते आहे. इतकी जवळून ऐकते आहे की वळून बघायचीही गरज नाही.

मी वाळत चालले होते. जिना तर सोडाच, उंबरा चढताना धाप लागायची. तळहात चुन्यासारखे झाले होते. शेजारणी म्हणायच्या, पोटात मुलगी आहे, आईचं रूप घेते आहे.

एका गुरुवारी दुपारी आत्याबाई मळ्यातून फुलं आणायला गेल्या होत्या. मिस्त्रीमामा सोप्यात शिडीवर होते, वरच्या कोपऱ्याला गोटा मारत. मी माजघरातून उठून दारात आले. त्या दिवशी सात भोकं उघडी होती आणि माझा धीर सुटला होता.

"मामा," मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं तस्सं भरते, तरी भोकं उघडतात. उंदीर लई झालेत बहुतेक."

गोटा थांबला. मामांनी तो शिडीवर ठेवला. मग एकेक पायरी सावकाश उतरले.

"खाली माती पडती का?"

"नाही."

त्यांनी थापी फडक्याला पुसली. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, तोंड पुसा आधी."

मी हात ओठांना लावला. ओठांच्या कोपऱ्यात माती वाळून बसली होती. हात खाली घेतला तेव्हा उजव्या पहिल्या बोटाचं नख दिसलं. नखाखाली पांढरी कड होती.

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. भराव दाबल्यावर पहिल्या दिवशी मी अंगठा चाटला होता, हे मला आठवत होतं. खडे राहिलेत का बघायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. पुढचं आठवत नव्हतं. शेंगदाणे निवडता निवडता तोंडात जातात आणि किती गेले ते कळत नाही, तसा हात जात होता, आणि मी समोर बघत मोठीशी बोलत होते.

"मोठ्या वैनी बी हितंच उभ्या व्हत्या," मामा म्हणाले. "ह्याच दारात. आन् हेच म्हनल्या. मामा, उंदरं लई झाल्यात. त्यांच्या बी व्हटाला पांढरं व्हतं. म्या बघितलं. भोकं भरली आन् घरला गेलो. म्हनलं, परक्या घरची गोष्ट, बाईमानसाला कसं बोलायचं." त्यांनी थापी खाली ठेवली. "पुढल्या महिन्यात मयतीला आलो. हात बघितला त्यांचा. ह्या भिंतीवानी झाला व्हता."

मी दारातच खाली बसले. मला मरायचं नव्हतं. याहून वेगळं काही त्या वेळी माझ्या मनात आलं नाही. मामांनी पाण्याचा तांब्या माझ्यापासून हातभर अंतरावर ठेवला, शिडी उचलली आणि आत्याबाई येईपर्यंत ते बाहेर ओट्यावर बसून राहिले. त्या आल्यावर एकच वाक्य बोलले आणि गेले. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

आत्याबाई आत आल्या. फुलांची ओंजळ त्यांनी कणगीवर ठेवली आणि भिंतीकडे पाहिलं.

"लिंब न्हाई घातलास," त्या म्हणाल्या.

मी इतकी चिडले की रडू आलं. "तुम्हाला माहीत होतं. मला का नाही सांगितलं? ती खात होती हे तुम्हाला माहीत होतं."

"मोठीला सांगितलं व्हतं की. तोंडावर सांगितलं, चार बाया बसल्या व्हत्या तवा. म्हनलं, भिंत खाती व्हय गं, घरात खायला मिळत न्हाई का तुला? हसल्या सगळ्या. त्या दिसापास्नं ती माझ्याशी बोलली न्हाई. आन् लपून खाऊ लागली. भोकं भरून घेतली तर भराव खाल्ला. मंग म्या ही कणगी लावली फुडं. तर कणगीच्या मागं हात घालून खायाची." त्या माझ्यासमोर बसल्या. "पोराचं दूध तोडाया लिंब लावत्यात, तसं म्हनलं ह्या बारीला लिंब घालू. न सांगता व्हईल. लाज न्हाई, बोलणं न्हाई. मला वाटलं व्हतं व्हईल."

त्या बाईवर मी वर्षभर मनात दात खाल्ले होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की टाकाला इतकं जपणारी ही बाई टाकाला घाबरते. तिला मोठीला काहीतरी सांगायचं होतं आणि ते ऐकायला मोठी नव्हती.

शनिवारी आम्ही दोघी एसटीनं दौंडला गेलो. न्हावऱ्यापर्यंत मी नुसती खिडकीला डोकं टेकून होते. चौफुल्याला गाडी थांबली तेव्हा आत्याबाईंनी माझा हात आपल्या मांडीवर घेऊन पाहिला, नख पदरानं पुसलं आणि हात सोडला नाही. माहेरी न जाता थेट दवाखान्यात गेलो. बाकावर दहा-बारा बाया बसलेल्या. डॉक्टरीण बाईंनी दारातूनच विचारलं, काय होतंय? मी मान खाली घातली. 

आत्याबाई उभ्या राहिल्या. सगळ्या बायांच्या देखत, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "माझी सून भिंत खाती. एक सून ह्यानं गेली माझी. मीच आधी हसले आन् मंग गप ऱ्हायले तवा. ही दुसरी हाय."

बाकावर कुणी हसलं नाही. एक म्हातारी म्हणाली, आमच्यात माझी बहीण खायाची, चुलीची माती. डॉक्टरीण बाईंनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि आत बोलावलं. अंगात रक्त फार कमी आहे, म्हणाल्या. रक्त कमी म्हणून माती खावीशी वाटते की माती खाऊन रक्त कमी होतं, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नाही. जंतांचं औषध दिलं, लोखंडाच्या काळ्या गोळ्या दिल्या, आठवड्याला एक इंजेक्शन. यांना आम्ही रक्त कमी आहे एवढंच सांगितलं आणि तेवढं त्यांना पुरलं.

गोळीनं हात एकदम थांबत नाही. शिरूरला परतल्यावर आत्याबाईंनी त्या भिंतीला पाठ लावली. खरोखरच लावली. धान्य तिथं बसून निवडायच्या, जपमाळ तिथं, दुपारी डोळा लागायचा तोही तिथंच बसून. माझा हात उठला की त्यावर भाजलेले हरभरे ठेवायच्या, तोंडानं काही बोलायच्या नाहीत. दिवसातून वीस वेळा हरभरे. जवळजवळ दीड महिना असं चाललं. एक दिवस हरभरे हातावर पडले तेव्हा माझ्या लक्षात आलं की हात त्यांच्याकडेच गेला होता, भिंतीकडे नाही.

मग आम्ही भोकं भरली. त्यांनी लिंब वाटला, मी शेण कालवलं, वासाला काही न म्हणता. दहा भोकं भरून झाली. अकरावं सगळ्यात वरचं होतं, हात पूर्ण ताणला तर पोचेल असं. मी माती घेऊन वळले तर आत्याबाईंनी माझा हात धरला. त्यांनी कोपऱ्यातून एक करवंटी काढली. तिच्यात नुसती पांढरी माती होती, चाळलेली, भिजवलेली, लिंब नाही की शेण नाही. तिचा एक गोळा त्यांनी दोन बोटांनी अलगद आत ठेवला, घास भरवतात तसा.

"हा मोठीचा," म्हणाल्या.

भिंत निळी झाली. दहा जागा कुठं होत्या ते आज मलाही दाखवता येणार नाही. अकरावी रंगातून डाग होऊन वर आली. आम्ही तिच्यापुढं कणगी सरकवली. ओटीभरण झालं, आणि बाळंतपण दौंडला माहेरी झालं. मुलगी झाली, रडकी आणि लालबुंद. आत्याबाई बघायला आल्या तेव्हा त्यांनी बाळाच्या आधी माझे तळहात उलटे करून पाहिले.

त्यानंतर सात वर्षांनी आत्याबाई गेल्या. शेवटचे दोन महिने त्या अंथरुणावर होत्या, सोप्यात, उठवल्याशिवाय उठता येत नव्हतं. तेराव्याच्या आधी घर झाडायला म्हणून मी एकटीनं कणगी रेटली. निळी भिंत, धुळीनं करडी झालेली. दहा जागा घट्ट. अकरावं भोक रिकामं होतं.

खाली पाहिलं. जमीन स्वच्छ.

कणगीच्या बुडाशी ती करवंटी होती. आत पांढरी माती वाळून तडकलेली, आणि तिच्यावर दोन बोटांचे ठसे. मग माझ्या ध्यानात आलं की सात वर्षं ही बाई ते भोक भरत होती. मी विहिरीवर गेले की, पोरीला शाळेत पोचवायला गेले की, कणगीमागं हात घालून. आणि गेले दोन महिने कुणी भरलेलं नव्हतं.

मिस्त्रीमामा तेव्हा होते. मी त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, लिंबाशेणाशिवाय माती धरत नाही, वाळली की गळते. मलाही ते पटतं. गळलेली माती खाली पडते हेही मला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून मी विचारलं नाही.

मी करवंटीत पाणी घातलं. वास आला, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं नाही. माती मऊ झाल्यावर एक गोळा केला, कणगीमागं हात ताणला आणि आत ठेवला. ठेवताना म्हटलं, मोठे, तुझ्या तोंडाला लागलं होतं ते तिघांनी पाहिलं असेल, चौघांनी पाहिलं असेल, आणि पूस असं कुणी म्हटलं नाही. मला म्हटलं. माझ्या आणि तुझ्यात एवढाच फरक आहे.

ते घर अजून आहे. क्वार्टर मिळाल्यावर आम्ही दौंडला राहायला गेलो तरी दर महिन्याला मी एक दिवस झाडलोट करायला म्हणून शिरूरला जात असे, आणि आता परत इथंच येऊन राहिले आहे. परवाच्या त्या दोघा रंगाऱ्यांनाही मी माजघरात येऊ दिलं नाही, माजघर माझं मी करीन म्हटलं. भोक दर महिन्याला मी भरते. दर महिन्याला ते रिकामं असतं. मी त्यात कधी लिंब घातलेला नाही.